माझा अनुभव : डोंबिवलीहून विमानतळ, घाटकोपरमार्गे

कल्याण-डोंबिवलीहून मुंबई विमानतळाचं टर्मिनल २ गाठायला आता मी टॅक्सी करत नाही. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याहून मेट्रो ३ ने एकच स्टेशन. या सगळ्यात अवघड टप्पा एकच, तो म्हणजे घाटकोपरला लोकलमधून मेट्रोत होणारी अदलाबदल. ती जमली की बाकीचा रस्ता सरळ आहे.

घाटकोपरला सीएसएमटीकडे जाणारी जलद लोकल ४ नंबरच्या फलाटावर, म्हणजे पूर्वेच्या अंगाला लागते आणि धीमी २ नंबरवर. मेट्रोचं स्टेशन मात्र पश्चिमेला, १ नंबरला लागून. त्यामुळे जलद गाडीने आलात की सगळे रूळ पुलावरून ओलांडावे लागतात. १२ डब्यांची गाडी साधारण अडीचशे मीटर लांब असते. चुकीच्या टोकाला उतरलात तर सामान घेऊन तेवढं अंतर गर्दीतून कापायचं. म्हणून मी डोंबिवलीलाच मधल्या डब्यांसमोर उभा राहतो. पुलाचा कुठलाही जिना मग फार लांब पडत नाही.

रविवारी आधी मेगाब्लॉकची, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास मार्ग बंद ठेवण्याची, घोषणा बघायची. ब्लॉकमध्ये जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या की त्या ४ ऐवजी २ नंबरवर येतात, आणि वेळापत्रकही ढिलं होतं. त्या दिवशी अर्धा-पाऊण तास जास्तीचा हाताशी ठेवतो. सकाळी साडेसात ते साडेदहा मोठी बॅग घेऊन सीएसएमटीकडच्या लोकलमध्ये शिरणं मला अजिबात पटत नाही. आपले हाल होतातच, दारातल्या माणसांनाही धोका होतो. विमान त्या वेळेचं असेल तर पहाटेची गाडी धरा.

पुलावरची कोंडी होते ती जलद आणि धीमी गाडी एकदम आल्यावर. दोन्हींचे प्रवासी त्याच जिन्यांवर चढतात आणि पुढे मेट्रोच्या तपासणीच्या रांगेत अडकतात, कारण प्रत्येक बॅग यंत्रातून जाते. अशा वेळी घुसण्यापेक्षा दोन मिनिटं फलाटावर थांबलेलं बरं. लोंढा ओसरतो.

रेल्वेचं तिकीट किंवा पास घाटकोपरपर्यंतच काढायचा, मेट्रोचं तिकीट वेगळं. मेट्रो १ चं क्यूआर तिकीट मी लोकलमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर काढतो, म्हणजे खिडकीची रांग टळते. मेट्रो १, म्हणजे वर्सोवा-घाटकोपर ही मार्गिका, ८ जून २०१४ ला सुरू झाली. गाड्या अजून चारच डब्यांच्या, त्यामुळे गर्दीच्या वेळी लगेच भरतात. पण घाटकोपर हे शेवटचं स्थानक, गाडी तिथे पूर्ण रिकामी होते. एक गाडी सोडून दिली की पुढच्या गाडीत बसायला मिळण्याची शक्यता चांगली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘एअरपोर्ट रोड’ नावाच्या स्थानकावर उतरू नका! नाव बघून नवखी माणसं हमखास तिथे उतरतात, पण मेट्रो ३ तिथे नाही. जागृती नगर, असल्फा, साकी नाका आणि मग मरोळ नाका, एवढं लक्षात ठेवा. एअरपोर्ट रोड त्याच्या पुढे येतं.

मरोळ नाक्याला मेट्रो १ उन्नत आणि मेट्रो ३ भुयारी, म्हणून बरंच खाली उतरावं लागतं. पुन्हा तिकीट, पुन्हा बॅग तपासणी. भुयारात मोबाइलचं नेटवर्क मिळेलच असं धरू नका, मेट्रो ३ चं तिकीट वर असतानाच काढा. गाडी आरेकडची नाही, कफ परेडकडची घ्यायची. पुढचंच स्थानक टर्मिनल २. टर्मिनल १ साठी त्याच गाडीने सहार रोडच्या पुढच्या स्थानकावर उतरा.

परतताना घाटकोपरला कल्याणकडची धीमी १ नंबरवर मिळते, मेट्रोतून उतरल्यावर हीच सगळ्यात जवळ. जलद ३ नंबरवर येते आणि संध्याकाळी ती सीएसएमटीहूनच भरून आलेली असते. हातात बॅग असेल तर मी धीमीच पकडतो, मग घरी पोचायला उशीर झाला तरी चालेल. आणि विमान रात्री उशिरा उतरणार असेल तर दोन्ही मेट्रोंच्या शेवटच्या गाड्यांची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा.