टोकियो स्टेशनात बाबांचं पहिलं रामेन

बाबा माळकरी. त्यांचं टोकियोला यायचं ठरलं तेव्हा आईचा फोनवर पहिला प्रश्न हाच, "तिथे हे खातील काय?" घरी मी भाकरी थापतेच, पण दिवसभर फिरायला बाहेर पडल्यावर काय, याची काळजी मलाही होती. इथे ताटातलं मांस निदान दिसतं. घात करते ती 'दाशी'. बोनितो नावाच्या सुकवलेल्या माशाच्या किसाचं हे पाणी सूपमध्ये, सोबा नावाच्या शेवयांच्या सारात, अगदी शिजवलेल्या भाजीतही असतं आणि डोळ्यांना कळत नाही.

आम्ही निशिकासाईला राहतो. तोझाई मेट्रोने ओतेमाचीला उतरलं की जमिनीखालूनच टोकियो स्टेशनात चालत जाता येतं. मारुनोउचीच्या बाजूची १९१४ सालची लाल विटांची इमारत बाबांनी डोळे भरून पाहिली. मग यायेसुच्या बाजूला, तळघरातल्या रामेन स्ट्रीटवर गेलो. ओळीने रामेनची, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांची दुकानं, दाराशी कूपन काढायचं मशीन, काचेआड खऱ्यासारखे दिसणारे प्लास्टिकचे वाडगे आणि शिस्तीत उभी माणसं. बाबांना ते सगळं बघायचं होतं, पण डुकराच्या हाडांच्या रश्श्याचा वास आला तसा त्यांनी उपरणं नाकाशी धरलं आणि काही न बोलता पुढे चालू लागले. मला फार वाईट वाटलं.

मी त्यांना नेणार होते ते 'टीज् तानतान' नावाच्या रामेनच्या दुकानात. ते जेआर म्हणजे जपान रेल्वेच्या गेटच्या आत, केइयो लाइनकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. गाडी पकडायची नसेल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, ते दोन तास चालतं. इथे मांस, मासळी, अंडं, दूध काहीच वापरत नाहीत. शाकाहारी पाहुणे येणार असतील तर हा पत्ता लिहूनच ठेवा.

तिळाचं तानतानमेन, म्हणजे तिखट रामेन, मागवलं. दाट, पांढरट रस्सा, वर तिखट तेलाचा लाल तवंग, हिरवा पाला आणि मधोमध तपकिरी, रवाळ काहीतरी. बाबांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "हा खिमा आहे." मी वाढणाऱ्या मुलीला विचारलं. ती वाकून, हळू आवाजात, दोनदा म्हणाली, "दाइझु, दाइझु." सोयाबीन. बाबांनी माळेला हात लावला, एक घास घेतला, थांबले. "तिळाच्या कुटाची चव आहे गं."

शेवया काही चॉपस्टिक्सवर टिकेनात. शेजारी काळ्या सुटातला एक गृहस्थ मोठ्याने भुरके मारत खात होता. इथे त्यात काही वावगं नाही, उलट गरम शेवया अशाच ओढायच्या असतात. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, वाडगा तोंडाजवळ घेतला आणि आमच्या घरी कढीला मारतात तसा एक दणदणीत भुरका मारला. त्यानंतर त्यांनी मान वर केली ती वाडग्याचा तळ दिसल्यावरच. कुणाला काही न विचारता, निर्धास्त जेवणारे बाबा मी त्या प्रवासात पहिल्यांदा बघत होते.

परतीच्या दिवशी विमानतळावर नेणारी नारिता एक्सप्रेस टोकियो स्टेशनवरूनच होती. गेटच्या आत जायला गाडीचं तिकीट हातात होतंच. सकाळी बॅगेला कुलूप लावताना बाबा म्हणाले, "आपण तासभर आधीच निघू या."