जेम्स मन्‍रोचं मेलबर्न: एका रस्त्याचे दोन काठ

मेलबर्नच्या स्प्रिंग स्ट्रीटवर एका बाजूला व्हिक्टोरिया राज्याचं विधिमंडळ आहे आणि बरोबर समोर विंडसर हॉटेल. विधिमंडळाच्या रुंद पायऱ्यांवर उभं राहिलं की हॉटेलचे दोन मनोरे थेट समोर येतात. मी मेलबर्नला गेलो तेव्हा हा रस्ता नीट पाहायचा, असं आधीच ठरवलं होतं. जेम्स मन्‍रो या बँका काढणाऱ्या आणि पुढे व्हिक्टोरियाच्या सरकारचा प्रमुख झालेल्या माणसाची सारी कहाणी या दोन इमारतींमध्ये मावते, आणि ती वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नव्हतं.

मन्‍रो स्कॉटलंडच्या सदरलँडचा, जन्म 1832 चा. छापखान्यात काम शिकला आणि 1858 मध्ये व्हिक्टोरियात आला. सोन्याच्या खाणींमुळे ही ब्रिटिश वसाहत तेव्हा भरभराटीला आली होती. 1865 मध्ये त्याने व्हिक्टोरियन पर्मनंट बिल्डिंग सोसायटी उभी केली. आपल्याकडच्या पतपेढीसारखीच ही गोष्ट: कामगार, कारागीर, विधवा बायका थोडे थोडे पैसे ठेवायचे आणि त्यातून कुणालातरी घरासाठी कर्ज मिळायचं. मन्‍रो दारूबंदीचा कडवा पुरस्कर्ता होता, देवभीरू होता, सभेत बोलायला उभा राहिला की लोक ऐकायचे. अशा माणसाकडे पैसे ठेवायला कोण कचरेल?

विंडसरमध्ये आत गेलो. दुपारच्या चहासाठी लोक नटूनथटून बसले होते. हे हॉटेल 1883 च्या सुमाराचं, तेव्हाचं नाव ग्रँड. 1886 मध्ये मन्‍रोच्या पुढाकाराने एका कंपनीने ते विकत घेतलं आणि त्याचं ‘कॉफी पॅलेस’ केलं, म्हणजे दारूचा थेंबही न मिळणारं आलिशान हॉटेल. मन्‍रोने हॉटेलचा दारूचा परवाना सगळ्यांसमोर जाळला, असं सांगतात. 1888 मध्ये इमारत वाढवून आजचा हा भव्य दर्शनी भाग आणि मनोरे झाले. मधली काही वर्षं हे हॉटेल आपल्या ओबेरॉय समूहाकडेही होतं. दिवाणखान्यातलं ते कोरीव काम बघताना मला राहून राहून वाटत होतं की याच काळात शहरात दुसरीकडे काय चाललं होतं!

1880 च्या दशकात मेलबर्नला जमिनीचं वेड लागलं होतं. रेल्वेचे नवे फाटे निघाले की त्यांच्या आजूबाजूची कुरणं प्लॉट पाडून विकली जायची. लिलावाला येणाऱ्यांसाठी खास गाड्या, माळावर तंबू, फुकट जेवण, शॅम्पेन. आज घेतलेला प्लॉट काही आठवड्यांत दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ब्रिटनमधल्या ठेवीदारांचा पैसा जास्त व्याजाच्या आशेने इकडे वाहत होता. रेल्वे कुठून जाणार हे विधिमंडळात ठरायचं, आणि त्या सभागृहात जमीन कंपन्यांचे संचालकही बसायचे. मन्‍रोनेही 1882 मध्ये फेडरल बँक काढली होती, शिवाय रिअल इस्टेट बँक नावाची आणखी एक संस्था. मुंबईने बॅक बे रेक्लमेशन या समुद्र बुजवून जमीन करू पाहणाऱ्या कंपनीच्या शेअरांचा कडेलोट 1865 मध्येच पाहिला होता, पण हा धडा समुद्रापलीकडे कुणी घेतला नाही.

1888 नंतर भाव उतरू लागले. मन्‍रोचा दारूबंदी चळवळीतला सोबती जेम्स मिरम्स याला स्वतःच्या बुडालेल्या सोसायटीच्या खोट्या ताळेबंदापायी तुरुंगात जावं लागलं. आणि नोव्हेंबर 1890 मध्ये, लंडनची बेअरिंग्ज ही पेढी डबघाईला आली त्याच महिन्यात, मन्‍रो व्हिक्टोरियाचा प्रीमियर झाला. म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री.

विधिमंडळाचं कामकाज नसलं की आतून इमारत दाखवतात. सोनेरी नक्षीचं वरचं सभागृह बघून बहुतेक लोक थक्क होतात. मी खालच्या सभागृहात जरा जास्त रेंगाळलो, कारण डिसेंबर 1891 चा कायदा इथून पुढे गेला. कंपन्यांच्या ऐच्छिक समापनाचा हा कायदा घाईघाईने संमत झाला. त्यामुळे बुडत्या कंपनीचे संचालक स्वतःहून कंपनी गुंडाळायला काढू शकत होते, आणि मग एकट्यादुकट्या ठेवीदाराला कोर्टात जाऊन हिशेब उघड करायला लावणं जवळपास अशक्य झालं. स्वतःच्या बँका अडचणीत असलेला माणूस सरकारचा प्रमुख होता आणि त्याच्याच सरकारने हा कायदा आणला. सट्टा बुडतो, हे समजू शकतं. पण ज्यांनी विश्वासाने पैसे ठेवले त्यांचा शेवटचा दरवाजाही बंद करावा, याला माझ्या मनात क्षमा नाही. मार्गदर्शक फेडरेशनबद्दल, म्हणजे वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया देश झाला त्याबद्दल, आणि 1901 ते 1927 या काळात इथे भरलेल्या देशाच्या संसदेबद्दल छान सांगत होती. या कायद्याचा उल्लेख मात्र तिच्या बोलण्यात आला नाही.

फेब्रुवारी 1892 मध्ये मन्‍रोने प्रीमियरपद सोडलं आणि वसाहतीचा एजंट जनरल, म्हणजे तिथला प्रतिनिधी, म्हणून लंडन गाठलं. ही नेमणूक त्याने स्वतःच स्वतःसाठी करून घेतली होती. इकडे लोक खवळले, त्याला परत यावं लागलं. जानेवारी 1893 मध्ये फेडरल बँक बंद पडली, त्याच वर्षी तो दिवाळखोर ठरला. मे महिन्यात सरकारला बँकांना पाच दिवस सक्तीची सुट्टी द्यावी लागली. शहरातल्या हजारो घरांची आयुष्यभराची बचत गेली.

दुसऱ्या दिवशी मी फ्रँकस्टन मार्गावरची गाडी धरून आर्माडेलला गेलो. हे उपनगर मन्‍रोच्या घरावरून नाव घेऊन बसलं आहे. कूयाँग रोडवरचा त्याचा तो बंगला आता एका शाळेच्या आवारात आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहावा लागतो. आजूबाजूला मोठी झाडं, जुन्या वस्तूंची दुकानं, महागडी घरं. मन्‍रो 1908 मध्ये वारला. ज्या ग्रँडमधून त्याने दारू हद्दपार केली, तिथे 1897 मध्येच ती परत आली होती, आणि 1898 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या मसुद्याचं काम त्याच हॉटेलात बसून झालं.

मेलबर्नला जाणार असाल तर पार्लमेंट स्टेशनला उतरा. आधी विधिमंडळ आतून बघा, कामकाज चालू नाही ना हे आधी विचारून घ्या, आणि मग रस्ता ओलांडून विंडसरला जा. तिथून कॉलिन्स स्ट्रीटच्या पश्चिम टोकाकडे चालत गेलात तर रिअल्टो आणि ओल्डरफ्लीट या त्याच तेजीच्या काळातल्या इमारती लागतात. त्यांचे दगडी दर्शनी भाग निवांत बघण्यासारखे आहेत. किंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर फेडरल कॉफी पॅलेस होता. तो 1973 मध्ये पाडला, आता तिथे बघायला काही नाही.