वाढत्या अंगाची वाकळ

२१ डिसेंबर, रविवार. परभणी

येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावास्या, करून माय काल लातूरहून आली. पिशवीत आंबिलीची बाटली, उंडे, भज्जीचा डबा आणि सगळ्यात खाली आजीचं हिरवं लुगडं, धुऊन घडी घातलेलं. "पोरीची वाकळ शिवू," एवढंच म्हणाली. माझ्या सासरी गोधडी म्हणतात, तिच्याकडं वाकळ. लेक दोन्ही म्हणते. आणि मी ऑनलाइन मागवलेल्या रजईला म्हणते "ती मोठी".

ती मोठी, हीच तर सगळी भानगड. दिवाळीनंतर थंडी सुटली तशी मी लहान मुलांची म्हणून एक रजई मागवली. हत्तींचं चित्र बघून भुलले, माप वाचलंच नाही. आली ती ६० बाय ९० इंच, म्हणजे पाच फूट बाय साडेसात फूट. माप मोठ्या माणसाचं, हत्ती तेवढे लेकरांचे. चूक माझीच. पण परत पाठवली नाही, कारण मनात हिशेब होता: असू दे, वाढत्या अंगाची आहे. गणवेश, स्वेटर, चपला, सगळं आपण एक नंबर मोठं घेतो, बाह्या दुमडतो आणि दोन वर्षं काढतो. पांघरुणाला बाह्या कुठल्या?

लेक तीन वर्षांची. गेल्या महिन्यात अंगणवाडीत तिची उंची ९४ सेंटिमीटर भरली, तीन फूट एक इंच. त्या रजईत ती अक्षरशः हरवते. आत शिरते, गुरफटते, घामाघूम होते, मग लाथाडते. पहाटे चारला मी चाचपून बघते तर लेकरू उघडं आणि रजई फरशीवर. सकाळी तीच रजई ओढत स्वयंपाकघरात येते आणि उंबऱ्याला अडखळून पडते. एकदा रजई घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग रजई ठेवून. पावणेदोन किलो! लेक साडेतेरा किलोची.

पांघरूण नको असंही म्हणता येत नाही. परभणीची थंडी म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. २०१८ च्या डिसेंबरात पारा २ अंशांपर्यंत उतरला होता.

काल रात्री माय दोरा घेऊन झोपलेल्या पोरीपाशी बसली, तर सासूबाईंनी लगेच टोकलं. "विहीणबाई, झोपल्या लेकराचं माप घेऊ नये." मायनं वाद घातला नाही. दोरा बोटाला गुंडाळून ठेवला आणि नुसती बघत बसली. मी मधे उठले तेव्हाही बसलेलीच. सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "बाई, ही तर घड्याळाच्या काट्यावानी फिरायलीय. लांबीचं काय घेऊन बसलीस? रुंदी बघ आधी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली उंचीवर नाहीतर पलंगावर माप काढत होते. झोपलेलं लेकरू उभं थोडंच असतं? आधी गुडघे पोटाशी, मग दोन्ही हात दोन दिशांना, मग सरळ आडवं. पायाशी थोडं कमी पडलं तर ती पाय आखडून घेते, पण रुंदी कमी पडली की कूस बदलल्याबरोबर पाठ उघडी. मायचं माप असं: लेकराची उंची अधिक एक हात, ही लांबी. रुंदी त्याहून वीतभर कमी, बस. टेपनं मोजलं तर ५५ बाय ४६ इंच आलं. शिवताना थोडी ओढली जाते, म्हणून कापताना ६० बाय ४८ धरलं.

आणि मग लुगडं उलगडलं. पन्हा बरोबर ४८ इंच. नऊ वार म्हणजे २७ फूट, धुऊन धुऊन आटलेलं तरी २६ भरलं. पाच-पाच फुटांचे पाच तुकडे, एकाच लुगड्यात पाच थर, मधे कुठं जोड नाही, वर एक फूट कापड ठिगळाला शिल्लक. मी टेप हातात धरून बघतच राहिले. आजी असती तर म्हणाली असती, त्यात काय बघायचं.

अस्तराचा मांजरपाट मी नवा आणलेला. मायनं तो आधी बादलीत बुडवला, वाळवला, मगच हात लावू दिला. मागं भाच्याच्या दुपट्याला मी कोरं अस्तर तसंच लावलं होतं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, वरचं जुनं कापड होतं तेवढंच राहिलं आणि दुपट्यावर पापडासारखे फुगे आले. नणंदेनं काही म्हटलं नाही, पण ते दुपटं पुन्हा दिसलं नाही.

तिचाच दुपारी फोन. तिचं धाकटं पाच महिन्यांचं, त्यालाही अशीच पांघरायला शिवा म्हणाली. मी नाही म्हटलं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण घालू नका, असं डॉक्टर सांगतात. तोंडावर आलं तर त्याला बाजूला सारता येत नाही. अंगात गरम कपडे घाल म्हटलं, वाकळ पुढच्या वर्षी.

दुपारभर आम्ही दोघी फरशीवर. चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले आणि काठापासून आत आत धावदोरा घालत गेलो. मायचा टाका तांदळाएवढा, माझा शेंगदाण्याएवढा. माझी ओळ कुठली हे लेकसुद्धा बोट ठेवून दाखवते. मी तोंडी हिशेब मांडला: पाचव्या वर्षी ही साधारण तीन फूट सात इंच होईल, तरी फूटभर वाकळ उरेल. सहावीत गेली की मात्र पाय बाहेर येणार.

"मग?" माय म्हणाली. "तवा दुसरी शिवू. लुगडं काय एकच हाय व्हय?"

दिवस मावळेपर्यंत चारी बाजूंनी हातभर काम झालं, मधला भाग राहिला. लेकीला मात्र आजच हवी. उचलून न्यायला लागली तशी मायनं हिसकून घेतली आणि तळवा दाबून सगळ्या थरांवरून फिरवला, एकदा उभा, एकदा आडवा. सकाळी तीन सुया ओवल्या होत्या. दोन सापडल्या. तिसरीसाठी लाइट लावले, फरशी झाडली, लेकीला पलंगावर चढवून बसवलं, माझ्या चष्म्यासकट सगळे कामाला लागले. अर्ध्या तासानं लेकच म्हणाली, "आजी, तुझ्या पदराला काय चमकतंय?"