मेथीचा डबा

शनिवारची दुपार. जेवण अंमळ जड झालेलं. डुलकी काढायची सोडून मी लॅपटॉप उघडला आणि पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं एक जुनं काम काढलं. फाइल उघडली तर कोड सगळा एकरंगी, विधवेच्या लुगड्यासारखा म्हणायची आमची आजी. एरवी स्ट्रिंग केशरी, कॉमेंट हिरवी असा थाट असतो. कोड लिहायच्या एडिटरला जोडलेल्या ज्या प्लगइनच्या जिवावर मी स्वतःच्या चुका पकडतो, ते तर कूस बदलायलाही तयार नाही.

माझा स्वभाव असा की आधी दोष दुसऱ्याचा. प्लगइन काढलं, परत टाकलं. विंडो रीलोड केली. परत काढलं. पाऊण तासाने केव्हातरी खाली उजव्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलेलं: प्लेन टेक्स्ट.

फाइलचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, होतं डॉट आयएनसी. व्हीएस कोड या माझ्या एडिटरमधली अशी प्लगइन्स बहुधा स्वतः शेपूट तपासत बसत नाहीत. ही अमुक भाषा, असं एडिटरने सांगितलं की मगच जागी होतात. डॉट पीएचपी त्याला ठाऊक, हे नाही. जुन्या लॅपटॉपवर कधीतरी मीच ‘फाइल्स डॉट असोसिएशन्स’ या सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली होती, की स्टार डॉट आयएनसी म्हणजे पीएचपी समज. लॅपटॉप बदलला, ओळ तिकडेच राहिली. आणि मी बिचाऱ्या प्लगइनला शिव्या घालत होतो.

डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळात फाइलच्या नावाला 8 अक्षरं आणि शेपटाला 3. त्यापायी एचटीएमएलचं एचटीएम झालं. पुणेकराला शेपटाची महती सांगायला नको. आपण ते पुढे लावतो, इतकंच. ‘मारुतीपाशी भेट’ असं सांगून बघा कुणाला. जिलब्या, पत्र्या, सोन्या, डुल्या, का भिकारदास? नुसत्या मारुतीवर तुम्ही लक्ष्मी रोडला आणि तो गणेश पेठेत. बाकी नावावरून आतल्याची पारख करायची म्हटली, तर खुन्या मुरलीधराच्या दर्शनाला कोण गेलं असतं?

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात फळीवर स्टीलचे डबे होते. वहीच्या कागदाच्या पट्ट्या, त्यांवर आईचं तिरकं अक्षर, खळीने चिकटवलेलं. साखर, रवा, शेंगदाणे. त्यांतल्या ‘मेथी’ला मी जन्मात हात लावला नसता, आणि हे आईला पक्कं माहीत होतं. एका दुपारी ती शेजारी पापड लाटायला गेली होती. मी जमिनीवर पालथा पडून उगाच भिंत बघत होतो, तर मुंग्यांची रांग. फडताळाच्या कडेने वर, साखर ओलांडून, रवा ओलांडून, थेट मेथीत. स्टूल ओढलं. झाकण घट्ट होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटलं. आत बेसनाचे लाडू, बेदाणे लावलेले.

मुंग्या पट्ट्या वाचत नाहीत. युनिक्स या संगणक प्रणालीत ‘फाइल’ नावाची एक कमांड आहे, तीही मुंगीच. शेपटावर न जाता आतले पहिले काही बाइट हुंगते. झिपच्या सुरुवातीला ‘पीके’ अशी दोन अक्षरं असतात, ज्याने ते प्रकरण काढलं त्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. वर्डची डॉक्सएक्स फाइल हुंगली तर तिथेही पीकेच, कारण ती मुळात झिपच. मेथीच्या डब्यात लाडू!

असो. ती एक ओळ परत लिहिली, या वेळी त्या प्रोजेक्टच्याच सेटिंगमध्ये. असेंब्ली आणि पास्कलवालेही डॉट आयएनसी वापरतात, त्यांच्या फाइली उगाच माझ्या रंगात कशाला रंगवा. सेव्ह केलं आणि सगळा कोड एकदम नटला. काम मात्र राहिलं ते राहिलंच. चार वाजले होते, चहाची वेळ.

वाडा पडला तेव्हा डबे आमच्याकडे कर्वेनगरला आले. पट्टी आता पिवळी पडलीय, ‘मेथी’तली वेलांटी तेवढी शाबूत आहे. चहाचं आधण ठेवलं आणि सहज तो डबा काढून झाकण उघडलं. मुंगी एक नाही.

मेथीच होती.