तुम्ही विचारलंत म्हणून : कुंड्या राहू द्या, आधी गच्चीवर चला

‘ऑफिस पर्यावरणपूरक करायचंय, सुरुवात कुठून करू?’ सोलापुरात हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलंही असतं: खिडकीत मनीप्लँट, टेबलावर बांबूचा पेनस्टँड आणि पैसे जमले तर सोलर. आमचं उत्तर जरा रूक्ष आहे. सोलापूरच्या ऑफिसात पर्यावरण म्हणजे दोनच गोष्टी, ऊन आणि पाणी. त्यातही मेख अशी, की उन्हाला आवरायला गेलं की पाण्याचा खर्च वाढतो.

म्हणून आधी गच्ची. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. त्या दिवसांत ऊन भिंतींपेक्षा स्लॅबवर जास्त पडतं. आरसीसीचा स्लॅब दिवसभर तापत राहतो आणि ती धग संध्याकाळी खाली सोडतो. वरच्या मजल्यावरचा एसी पाच वाजून गेले तरी का थांबत नाही, याचं कारण हे. जुन्या वाड्यांच्या माळवदाला मातीचा जाड थर असायचा, तो स्लॅबला नाही.

स्वस्त उपाय चुन्याचा. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी या हिशेबाने चुना लोखंडी पिंपात विरवा. प्लॅस्टिकची बादली नको, चुना विरताना उकळतो. चोवीस तास ठेवून जाड कापडातून गाळा, डिंक किंवा फेविकॉल घाला आणि दोन हात मारा. डोळ्यांना चष्मा हवाच. हे काम फेब्रुवारीअखेर उरकावं. बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने: गच्ची न झाडता, न धुता चुना मारला जातो. मग तो धुळीला चिकटतो, स्लॅबला नाही, आणि वळवाच्या पहिल्या सरीला पन्हाळीतून दूध वाहावं तसा वाहून जातो. डांबरी वॉटरप्रूफिंगवर चुना टिकत नाही. तिथे उष्णता परतवणारा पांढरा रंगच लागतो. दुकानदाराला ‘कूल रूफ आहे का’ असं विचारू नका, तो हो म्हणणारच. डब्यावरचा एसआरआय (रंग ऊन किती परतवतो ते सांगणारा) आकडा बघा. पांढऱ्या चांगल्या रंगाचा तो शंभरच्या आसपास असतो. चुना दरवर्षी मारावा लागतो, रंग काही वर्षं टिकतो. पण धूळ दोन्हीवर बसते, तेव्हा मार्चमध्ये एकदा झाडू फिरवा.

पश्चिमेच्या काचेचंही असंच. पडदा आतून लावला की काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. बांबूच्या काड्यांची चीक, शेडनेट किंवा छज्जा, जे काही लावाल ते काचेच्या बाहेर लावा.

आता पंखे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. वीस पंखे, रोज नऊ तास, महिन्याला सव्वीस दिवस धरले तर सुमारे २१० युनिट वाचतात. एकच काळजी घ्या: बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर ठेवायचा नाही. तो काढून थेट जोडणी करा, नाहीतर पंखा गुरगुरतो आणि त्याचं सर्किट जळतं.

एसी २४ वर ठेवा म्हणणं सोपं असतं, पाळणं अवघड, कारण एसीखाली बसणारा गारठतो आणि कोपऱ्यातला घामाघूम होतो. २६ वर एसी आणि सोबत पंखा मंद, याने तो वाद बराचसा मिटतो. तापमान एका अंशाने वाढवलं की वीज सुमारे सहा टक्के वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे. सोलापूरच्या धुळीत उन्हाळ्यात एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायलाच हवी. आणि दरवर्षी ‘गॅस भरून’ देणारा मेकॅनिक बदला. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता पुन्हा भरला, तर तोही हवेतच जाणार. जुन्या एसीतला आर-२२ वायू एक किलो गळला, तर तापमानवाढीच्या दृष्टीने तो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखा आहे. महिनाभर दिवे मालवून मिळवलेलं एका फटीतून जातं.

मग कूलरच बरा, असं पुष्कळांना वाटतं. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा कूलर उत्तम चालतो. मोठ्या कूलरला दोनशे वॉट पुरतात, दीड टनी एसीला दीड किलोवॉट लागू शकतात. पण दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी कुठून आणणार? नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हा प्रश्न टाळता येत नाही. मात्र एसीही पाणी पितो, फक्त ते दिसत नाही. सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या १३२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला वीज बनवायला पाणी जातं ते शहराला पाणी पुरवणाऱ्या उजनी धरणाचंच. २०१५ च्या केंद्रीय नियमांत जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली आहे. एसीने दिवसात आठ युनिट घेतली, तर त्या हिशेबाने अठ्ठावीस लिटर, वर कोळसा वेगळा. आमचं मत विचाराल तर मोकळ्या हॉलला कूलर आणि बंद केबिनला एसी. एकाच खोलीत दोन्ही कधीच नको, कारण कूलरने हवेत सोडलेला ओलावा काढण्यातच एसीची बरीच ताकद जाते. कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवा. ती बंद केली की खोलीचं न्हाणीघर होतं. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर पांढरे क्षार चढतात, तेव्हा टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी पुसून कोरडी करा. डेंग्यूच्या डासांचाही बंदोबस्त त्यातच होतो.

पिण्याच्या पाण्यासाठी आरओ बसवण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. मीटर काही शेकड्यांत मिळतो. पाचशेच्या आत आकडा असेल तर त्या कारणासाठी आरओची गरज नाही, यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टर पुरतो. बोअरचं पाणी असेल आणि आरओ लागणारच असेल, तर एक लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जातं. ती नळी मोरीत न सोडता पिंपात घ्या. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी चालतं. कुंड्यांना नको, क्षार साठून माती पांढरी पडते. फ्लश गळतो का ते बघायला टाकीत चमचाभर हळद कालवा आणि अर्धा तास कुणी फ्लश ओढू नका. भांड्यात पिवळं दिसलं तर वॉशर गेलंय.

पावसाचं पाणी थोडं नाही. इथे वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर हजार चौरस फूट गच्चीवरून सुमारे चाळीस हजार लिटर मिळतं. पण चूक ठरलेली: अंगणात चार फुटांचा खड्डा खणून त्यात पाइप सोडायचा. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्ड्यात नुसतं डबकं होतं. खड्डा मुरमापर्यंत न्या, किंवा गाळणीतून पाणी थेट बोअरला द्या. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी ठेवा.

कागदाबद्दल एवढंच: प्रिंटर मुळातच दोन्ही बाजूंनी छापेल असा लावून ठेवा. पाठकोरे कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नका, ते अडकतात आणि विसरलेली पिन ड्रम ओरखडते. त्यांच्या वह्या बांधून घ्या. यूपीएसची जुनी बॅटरी भंगारात न देता नवी घेताना दुकानदाराला परत करा.

चहाचा हिशेब मात्र कुणी करत नाही. वीस माणसं, दोन वेळा चहा, सव्वीस दिवस: महिन्याला १,०४० कागदी कप. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असल्याने ते ना रद्दीत जातात, ना खतात. काचेचे चाळीस ग्लास आणि धुणाऱ्याच्या पगारात थोडी वाढ, एवढ्यात हा कचरा बंद. हात पुसायच्या टिश्यूचंही तसंच. टॉवेलच्या गावात बसून कागदाला हात पुसणं आम्हाला तरी विचित्र वाटतं. लहान टेरी नॅपकिन डझनाने घ्या, वापरलेल्यांसाठी वेगळी टोपली ठेवा आणि रोज धुवायला द्या.

सोलर सगळ्यात शेवटी, कारण आधी भार कमी झाला की पॅनल कमी लागतात. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि रोज सरासरी चार युनिट मिळतात. घरांसाठीचं सरकारी अनुदान ऑफिसला लागू नाही, तेव्हा ते गृहीत धरून हिशेब मांडू नका. पॅनल सकाळी ऊन चढायच्या आत धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. आणि बोअरचं पाणी वापरू नका. ते वाळलं की काचेवर क्षारांची पुटं राहतात, आणि ती मग कापडाने निघत नाहीत.