मे महिन्यात विहीर, जुलैत रस्ता: दापोलीजवळ घर घेतानाचा माझा अनुभव

माझे पती २०२१ च्या मध्यावर निवृत्त झाले आणि त्याच दिवाळीत आम्ही ठरवले की पुण्यातला फ्लॅट ठेवून, वर्षातले चार-पाच महिने सलग राहता येईल असे दुसरे घर घ्यायचे. ‘सलग’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण शनिवार-रविवारपुरते जाण्याचे घर आणि मुक्कामाचे घर यांची निवड अगदी वेगळ्या निकषांवर करावी लागते, हे पुढच्या दीड वर्षात आम्हाला हळूहळू कळत गेले. आमच्या दोघांपैकी कोणाचेही मूळ गाव कोकणात नाही. माझ्या माहेरची जमीन आजोबांच्या हयातीतच विकली गेली आणि सासरी जमीन कधी नव्हतीच, त्यामुळे घरात कोणाच्याही नावावर सातबारा नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. नारळी-पोफळीची छोटी वाडी घेऊन तिच्यात घर बांधायचे, ही माझ्या पतींची अनेक वर्षांची इच्छा होती. ती या एका कलमापाशी थांबली. आता आमच्यासमोर दोनच वाटा उरल्या: बिनशेती झालेली जागा, किंवा गावठाणातले घर.

पाचगणीचा विचार आम्ही फार दिवस केला नाही. हवा उत्तम, पुण्याहून अंतर सोयीचे, पण सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात लागणारी वाहनांची रांग आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो होतो. शिवाय जानेवारी २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे आणि तेथे बांधकामावर बरीच बंधने आहेत. ती बंधने असावीत असेच माझे मत आहे, मात्र त्यांच्यामुळे आमच्या ऐपतीत बसणारी आणि कागदपत्रे स्वच्छ असणारी जागा तेथे मिळाली नाही.

अलिबागकडे आम्ही हिवाळ्यात तीन फेऱ्या केल्या. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो सेवा सुरू झाल्यावर मुंबईकरांना अलिबाग फार जवळ आले आहे आणि जागांचे भाव त्या हिशेबाने चढलेले आहेत. तिथे एका मध्यस्थाने दाखवलेली जागा मला अजून आठवते. माडांच्या मध्ये चुन्याने आखलेले तीन-तीन गुंठ्यांचे चौकोन, प्रत्येकाला क्रमांक, आणि पलीकडे समुद्राचा आवाज. ‘बिनशेती प्लॉट’ असे त्यांच्या पत्रकावर छापलेले होते. मी सर्व्हे नंबर मागून घेतला आणि रात्री महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जमिनीचा उतारा काढला, तर संपूर्ण क्षेत्र शेतीचेच होते आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळकायदा कलम ४३ ला पात्र असल्याची नोंद होती. म्हणजे कधीकाळी कुळाला मिळालेली ती जमीन, अटी पूर्ण केल्याशिवाय हस्तांतरित करता येण्यासारखी नव्हती. शिवाय शेतजमिनीचे असे छोटे तुकडे पाडून विकण्याला तुकडेबंदीचा कायदा आड येतो, तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी मी विचारले तेव्हा ‘ते सगळे होऊन जाईल’ असे उत्तर मिळाले. जे होऊन जायचे आहे, ते होण्याआधी पैसे द्यायचे नाहीत, असा नियम आम्ही त्या दिवशी स्वतःला घालून घेतला आणि शेवटपर्यंत पाळला.

समुद्रालगतच्या जागांचा नाद आम्ही याच टप्प्यावर सोडला. किनारपट्टी नियमनाचा पट्टा भरतीच्या उच्चतम रेषेपासून ५०० मीटरपर्यंत मोजला जातो आणि ग्रामीण भागात साधारणपणे त्यातल्या पहिल्या २०० मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही. आम्हाला ‘समुद्र दिसणाऱ्या’ म्हणून दाखवलेल्या सहा जागांपैकी चार या रेषेच्या आत होत्या.

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही प्रथम दापोलीला गेलो. गाव समुद्रापासून थोडे आत आणि उंचावर असल्यामुळे हवा किनाऱ्यापेक्षा कोरडी आणि गार असते. कृषी विद्यापीठामुळे गावाला वर्षभर वर्दळ आहे, दवाखाने व बाजार हाताशी आहेत, आणि कोकण रेल्वेचे खेड स्थानक तासाभराच्या अंतरावर आहे. आसूदच्या बागांमधून चालताना पाटाचे पाणी पायाखालून वाहत होते आणि माझे पती मला म्हणाले, ‘हेच गाव.’ मलाही तसेच वाटले होते. परंतु आम्ही ज्या घरमालकीणबाईंकडे उतरलो होतो, त्या काकूंनी जेवण वाढताना सांगितले, ‘आत्ता सगळे हिरवे दिसते हो ताई. मे महिन्यात येऊन विहीर बघा, जुलैत येऊन रस्ता बघा, आणि मग काय ते ठरवा.’ त्या बोलण्याचे मोल मला तेव्हा पूर्ण कळले नव्हते, पण आम्ही ते तंतोतंत पाळले.

मे महिन्यात गेलो तेव्हा यादीत पाच घरे होती. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, सच्छिद्र कातळातून ते निथळून जाते, आणि एप्रिलनंतर कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. आम्ही सुतळीला हातभर अंतरावर गाठी मारून तिच्या टोकाला दगड बांधला आणि प्रत्येक विहिरीत ती सोडून पाहिली. पहिल्या दोन विहिरींत दगड कोरड्या खडकावर आपटल्याचा आवाज आला. तिसरे घर हर्णैच्या बाजूला, खाडीच्या जवळ होते. तिथल्या विहिरीला भरपूर पाणी होते, पण शेजारच्या वहिनींनी तांब्यात काढून दिलेला घोट घेताच ते मचूळ लागले. त्या म्हणाल्या की मार्चपर्यंत गोड असते, नंतर डाळ शिजत नाही. चौथ्या विहिरीत सात-आठ गाठी भिजल्या. पाचव्या घराची विहीर आम्ही सर्वांत शेवटी, ऊन उतरल्यावर पाहिली. दगड पाण्याला लागल्यावर सुतळी सोडत गेलो आणि वर ओढली तेव्हा खालच्या नऊ गाठी भिजलेल्या होत्या. रहाट जुना, काठावर नेचे उगवलेले, आणि शेजारच्या तीन घरांतली माणसे त्याच विहिरीवर पाणी भरत होती. ज्या विहिरीवर वाडी अवलंबून असते ती उपसलेली आणि राखलेली असते, हे मला त्या संध्याकाळी पटले.

चौथे घर दिसायला सर्वांत सुंदर होते, चिऱ्याचे, रुंद पडवीचे, मागीलदारी रातांब्याची दोन झाडे असलेले. ते आम्ही रस्त्यासाठी सोडले. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतची वाट शेजाऱ्यांच्या अंगणातून जात होती. पिढ्यानपिढ्या सगळे तिथूनच येत-जात होते, कोणाची तक्रार नव्हती, पण त्या वहिवाटीची नोंद कोणत्याही उताऱ्यावर किंवा दस्तात नव्हती. आजच्या मालकांचे शेजाऱ्यांशी घरोब्याचे संबंध होते. उद्या पुण्याहून आलेल्या परक्या माणसांना, किंवा शेजाऱ्यांच्या मुलाने जागा विकल्यानंतर येणाऱ्या तिसऱ्याच माणसाला, तो घरोबा बांधील राहील असे मानणे मला योग्य वाटले नाही. आम्ही त्यांना लेखी वहिवाटीचा हक्क नोंदवून देण्याविषयी नम्रपणे विचारले, त्यांनी तितक्याच नम्रपणे नकार दिला, आणि विषय तिथेच संपला.

जुलैत पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघालो. वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, त्यामुळे तो मार्ग आम्ही मोजलाच नव्हता. माणगावच्या पुढे महामार्गाचे रखडलेले काम, खड्डे, मग दापोली. घरातून सकाळी सहाला निघून आम्ही दुपारी दोनला पोहोचलो. पाचव्या घराच्या पडवीत उभे राहून मी पागोळ्यांकडे पाहत होते, त्या अंगणात न तुंबता उजवीकडच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओहोळात, वाहून जात होत्या. भिंतींना आतून ओल नव्हती. वीज मात्र आदल्या दिवसापासून गेलेली होती. शेजारच्या काकांना मी निसर्ग चक्रीवादळाबद्दल विचारले. ३ जून २०२० ला ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यानेही फार सोसले होते. काकांनी मला त्यांच्या वाडीत नेऊन आडव्या पडलेल्या पोफळींचे बुंधे दाखवले, मधे त्यांनी नवी रोपे लावली होती. पोफळ धरायला सहा-सात वर्षे जातात, एवढेच ते म्हणाले. आमच्या मनातल्या घरावरची अर्धी कौले त्या दिवशी गेली होती, पण छपराचा सांगाडा जागचा हलला नव्हता, कारण घर टेकडीच्या आडोशाला आणि समुद्रापासून सहा किलोमीटर आत आहे. ज्या अंतराबद्दल नातेवाईक आम्हाला ‘मग कोकणात घेऊन काय उपयोग’ असे विचारत होते, त्या अंतरानेच ते घर राखले होते.

निवड पक्की झाली आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. घर बांधणारे गृहस्थ मुंबईत नोकरी करून गावी परतले होते, त्यांनी रीतसर जागा बिनशेती करून घेतली होती आणि सनद जपून ठेवली होती. तेवढ्यासाठी मी त्यांचे मनातल्या मनात अनेकदा आभार मानले, कारण कोकणात असंख्य घरे शेतीच्या सातबारावरच उभी आहेत. ते वारल्यावर पत्नी आणि तीन मुलांची वारसनोंद झालेली होती. एकूण चार नावे. हे मी समाधानाने लिहिते आहे, कारण त्याआधी ज्या एका वाड्यासाठी आम्ही बोलणी केली होती, त्याच्या उताऱ्यावर तेवीस सहहिस्सेदार होते, त्यातल्या काहींचा पत्ता घरच्यांनाही माहीत नव्हता, आणि दोन महिने वाया गेल्यावर आम्ही तो नाद सोडला होता.

वकिलांनी मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा शोध अहवाल तयार केला, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली आणि सर्व जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढून वाचले. मोजणीचा अर्ज आम्ही विक्रेत्यांना करायला लावला. भूमी अभिलेख कार्यालयाचे भूकरमापक आले तेव्हा शेजारचे काका, पलीकडच्या वाडीतले दोघे आणि आम्ही असे सगळे हजर होतो. उत्तरेकडचा जुना गडगा (दगडी कुंपण) नकाशातल्या हद्दीपेक्षा साधारण दीड मीटर आत निघाला, म्हणजे शेजाऱ्यांच्या गोठ्याची एक भिंत कागदाप्रमाणे आमच्या बाजूला येत होती. वकिलांचे मत होते की खरेदीपूर्वीच ती हलवून घ्यावी. आम्ही दोघांनी रात्री बराच विचार केला आणि गडग्यापर्यंतचेच क्षेत्र हिशेबात धरून किंमत ठरवण्याचा आग्रह धरला. त्या गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि काकांचे वय सत्तरीच्या पुढे होते. हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने चूक म्हणणारे लोक आहेत, मला तो आजही बरोबर वाटतो.

विक्रेत्यांपैकी एक मुलगा परदेशात स्थायिक असल्याने आणखी दोन गोष्टी शिकाव्या लागल्या. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवले, ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागले. दुसरी गोष्ट कराची. विक्रेता निवासी असेल तर खरेदीदाराने ५० लाख किंवा अधिक रकमेच्या व्यवहारावर एक टक्का कर कापायचा असतो, तेवढेच आम्हाला माहीत होते. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्याला ती मर्यादा लागू नाही, प्राप्तिकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम १९५ खाली बऱ्याच चढ्या दराने कर कापावा लागत होता, आणि त्यासाठी खरेदीदाराला स्वतःचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागत होता. हे आमच्या सनदी लेखापालांनी वेळेवर सांगितले नसते, तर तो कर आणि त्यावरचे व्याज आमच्या गळ्यात पडले असते. कोकणात घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या बैठकीतच विचारावे, असे मी कळकळीने सांगते, कारण विकायला निघालेल्या किती तरी जुन्या घरांचा एखादा वारस आज परदेशात असतो.

मार्च २०२३ मध्ये दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला गेला. फेरफाराची नोटीस निघाली, हरकतीची मुदत संपली आणि मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली, तेव्हा मे महिना उजाडला होता. नवा उतारा हातात आला त्या आठवड्यात आम्ही राहायला गेलो. विक्रेत्यांच्या आई अजून तिथेच होत्या. त्यांनी मला घरभर फिरवले, कोणती खिडकी पावसाळ्यात घट्ट बसते, गळती लागली तर कोणत्या कौलापासून शोधायला सुरुवात करायची, कोणत्या महिन्यात विहीर उपसायची, हे एकेक करून सांगितले, आणि मी ते वहीत लिहून घेतले. जाण्यापूर्वी त्यांनी तुळशीला पाणी घातले आणि कळशी माझ्या हातात दिली.

सुतळी आम्ही रहाटाच्या खांबाला बांधून ठेवली आहे. दरवर्षी मे महिन्याच्या पंधरा तारखेला ती विहिरीत सोडतो आणि भिजलेल्या गाठी मोजून त्याच वहीत लिहितो. पहिल्या वर्षी आठ होत्या, दुसऱ्या वर्षी नऊ.