किल्लीतला सेल

गाडीचं रिमोट मरायला टेकलं की माणूस आधी अंगठ्याला जोर लावतो. मग हात लांब करतो. मग थेट काचेजवळ जाऊन, दात-ओठ खात पुन्हा दाबतो. टीव्हीच्या रिमोटला पाठीत थापा मारून वळण लावलेली आमची पिढी; न ऐकणाऱ्या वस्तूला थोडा मार लागतोच, यावर आमची श्रद्धा आहे.

वास्तविक किल्ली कितीतरी आधीपासून सांगत असते. अंगणाच्या टोकावरून उघडणारी गाडी आताशा पायरीवर उभं राहिल्याशिवाय उघडत नाही. एकदा दाबून भागायचं, आता दोनदा दाबावं लागतं. किल्लीवरचा बारीक लाल दिवा मिणमिणतो. आपण म्हणतो, ऊन लई आहे. मराठवाड्यात मे महिन्यात ऊन हे कुठल्याही बिघाडाला कारण म्हणून चालतं, पार सोयरीक मोडण्यापर्यंत. इथं मात्र त्याच्यावरचा आळ अगदीच खोटा नाही. बाहेर पारा बेचाळीसच्या पुढं असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किल्ली विसरली, तर तिच्यातला सेल न वापरताही लवकर झिजतो. दुसरी सवय दारामागच्या खुंटीची. बटणावर चालू होणाऱ्या गाडीची किल्ली गाडीच्या अगदी जवळच्या भिंतीवर टांगली, तर काही गाड्यांत त्या दोघींची रात्रभर कुजबुज चालू राहते आणि त्या गप्पांचं बिल सेलवर फाटतं.

आमच्या दाजींच्या किल्लीनं शेवटचा श्वास लातुरात सोडला, औसा रोडवरच्या एका मंगल कार्यालयाबाहेर, ऐन लग्नात. आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या, नवरीच्या मावशीची पर्स, सगळं गाडीत. बाहेर माणसं जमली. लग्नात बंद पडलेल्या गाडीभोवती जेवढं ज्ञान गोळा होतं, तेवढं विद्यापीठातही होत नसेल. एकानं मोबाइलचा कॅमेरा रिमोटसमोर धरला आणि "दिवा दिसत नाही, रिमोट गेलं" असा निकाल दिला. ही तपासणी टीव्हीच्या रिमोटसाठी ठीक आहे, कारण त्यातून डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो आणि तो बऱ्याच कॅमेऱ्यांना दिसतो. गाडीची किल्ली रेडिओ लहरींवर बोलते, आपल्याकडं बहुधा 433 मेगाहर्ट्झच्या आसपास. कॅमेऱ्याला त्यातलं काय दिसणार? दुसऱ्यानं सांगितलं, हनुवटीखाली धरून दाबा. दाजींनी फेट्यासकट मान वर करून तेही केलं. याला हसू नये. डोक्यातल्या पाण्यामुळं लहरींचा टप्पा खरोखरच थोडा वाढतो. पण सेलच संपला असेल तर डोकं कितीही भरलेलं असून उपयोग नाही.

"काल तर चालू होती की वो!" दाजी म्हणाले. मेलेल्या प्रत्येक यंत्राच्या उशाशी हे वाक्य कुणीतरी म्हणतंच.

शेवटी पॉलिटेक्निकला असलेला भाचा आला. त्यानं किल्लीच्या बाजूची बारकी कळ सरकवली आणि पोटातून पोलादी पातं बाहेर ओढलं. एवढी वर्षं ही किल्ली खिशात वागवणाऱ्या दाजींनी ते पहिल्यांदाच पाहिलं. पातं ड्रायव्हरच्या दाराला लावलं, दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. चोर म्हणजे कोण, तर गाडीचा मालक! पलीकडच्या बँजोवाल्यांनी दोन क्षण हात थांबवले. मग भाच्यानं ब्रेकवर पाय ठेवून किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवली आणि तशीच दाबली. गाडी चालू. भोंगाही बंद.

मेलेल्या किल्लीनं गाडी चालू झाली हा जमलेल्या मंडळींना चमत्कार वाटला. गंमत अशी, की किल्लीत दोन वेगवेगळी बिऱ्हाडं असतात. एक लांबून दार उघडणारं, त्याला सेल लागतो. दुसरी म्हणजे चोराला इंजिन चालू करू न देणारी चिप, तिला सेल लागतच नाही. फास्टॅगमध्ये तरी कुठं सेल असतो? टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींतूनच तो आपल्यापुरती वीज घेतो आणि नंबर सांगतो. तसंच स्टार्टच्या बटणामागं किंवा किल्लीच्या खोबणीभोवती तारेचं वेटोळं असतं. त्याच्या जवळ गेली की चिप जागी होते. म्हणून सेल संपल्यावर गाडी ओढून न्यायला टेम्पो बोलावणाऱ्यांची मला कीव येते.

सगळ्यात आधी करायची गोष्ट मात्र कुणी करत नाही, ती म्हणजे दुसरी किल्ली लावून पाहणं. दुसरीनं गाडी उघडली तर दोष पहिलीचा. दोन्ही मुक्या असतील तर गाडीचीच मोठी बॅटरी उतरली आहे का ते बघायचं. पण दुसरी किल्ली कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या पिशवीखाली, आणि लॉकरची चावी माहेरी गेलेल्या बाईच्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी दाजींना घेऊन गंजगोलाईत गेलो. या गोल बाजाराला सोळा रस्ते फुटतात, त्यामुळं ओळखीचं दुकानही दर वेळी नव्यानं सापडतं. घड्याळवाले चाचा एका जिन्याखाली काचेची पेटी मांडून बसतात. पेटीत जुन्या एचएमटींच्या तबकड्या अजून आहेत. 1961 साली बंगळुरूत, सिटिझनच्या सहकार्यानं, ही घड्याळं बनायला लागली आणि पुढं कित्येक वर्षं जावयाच्या मनगटावर एचएमटी बांधल्याशिवाय लग्न पुरं होत नसे. आता जावयाला चारचाकी लागते. त्यापायी कुणाचं किती रान विकलं जातं, हे वऱ्हाडातल्या सगळ्यांना माहीत असतं आणि जेवणावळीत कुणी बोलत नाही. चाचांपुरतं एवढंच झालं, की हाताला घड्याळं राहिली नाहीत आणि गिऱ्हाईक किल्ल्या घेऊन यायला लागलं. शोरूमवाल्यांनी दाजींना फोनवरच पूर्ण किल्ली बदलायला सांगितलं होतं, काही हजारांत. चाचांनी नुसती किल्ली कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

दाजी अजून अंगठा दाबतच होते. "जोर नक्को करो साब," चाचा म्हणाले आणि किल्ली काढून घेतली.

भिंग डोळ्याला लावून त्यांनी फटीत चपटं हत्यार घातलं, पिळलं नाही, फक्त कडेकडेनं फिरवलं. टक् झालं. आतून आधी निघाली तंबाखू. मग चुन्याचा पांढरा कण. मग सेल, आणि सेलाखाली घडी घालून ठेवलेली चांदी, सिगारेटच्या पाकिटातली. चाचांनी ती चिमट्यात धरून दाजींना दाखवली. मागं कुठल्याशा मोबाइलच्या दुकानात 2032 नंबरच्या सेलच्या जागी 2025 बसवला होता. या आकड्यांत गूढ काही नाही: वीस मिलिमीटर रुंदी दोघांचीही, पण एकाची जाडी 3.2 मिलिमीटर, दुसऱ्याची 2.5. दोन्ही तीनच व्होल्टचे, म्हणून दुकानात लावल्या लावल्या चालतो. मग खड्ड्यांचा रस्ता लागतो, सेल आत हलतो, पत्तीला टेकतो, सुटतो. दाजींची किल्ली कधी चाले, कधी रुसे, ती यामुळं. चांदीनं ती फट बुजवली होती, तीही अर्धवट.

मीटर लावला तर जुना सेल जवळजवळ तीन दाखवत होता. दाजींचा चेहरा खुलला. चाचांनी मान हलवली. नुसता पडलेला सेल मीटरला बरा आकडा दाखवतो. बटण दाबल्यावर ओझं पडतं आणि तिथं तो बसतो. त्यांनी पितळेची पत्ती केसभर उचलली, कोरड्या फडक्यानं पुसली आणि नवा 2032 प्लास्टिकच्या चिमट्यानं कडेला धरून बसवला. अधिकची खूण आहे ती बाजू किल्लीत छापलेल्या खुणेप्रमाणं. लोखंडी चिमटा दोन्ही बाजूंना टेकला तर सेल तिथंच उतरतो, आणि बोटाचा घाम मधे राहिला तर पत्तीची पकड बिघडते.

दाजींचा धाकटा तेवढ्यात जुना सेल उचलायला गेला. चाचांनी झडप घालून तो काढून घेतला, चिकटपट्टीत गुंडाळला आणि झाकणाच्या डब्यात टाकला. त्यांचा तो चपळपणा मला आवडला. असा सेल पोराच्या घशात अडकला तर ओल्या जागी विजेची क्रिया सुरू होते आणि दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तसं झालं तर घरी वाट बघत बसायचं नसतं, थेट दवाखाना गाठायचा.

मग त्या पोराला नव्या सेलची किल्ली हातात मिळाली आणि तो बटण दाबत सुटला. चाचांनी तेही थांबवलं. का, ते कळायला थोडं मागं जावं लागतं. 1982 साली फ्रान्सच्या रेनो कंपनीनं फ्युएगो गाडीला लांबून उघडणारं कुलूप दिलं. पुढं चोरांनी शक्कल काढली: रिमोटचा संकेत दर वेळी तोच असेल, तर तो हवेतून टिपून पुन्हा सोडायचा, की दार उघडं. म्हणून आताची किल्ली प्रत्येक दाबाला नवा संकेत पाठवते आणि गाडी आपला हिशेब सोबत चालवते. गाडी ऐकत नसताना पोरानं घरात बसून दाबत राहिलं, तर किल्ली पुढं निघून जाते. थोडं अंतर गाडी सांभाळून घेते. फारच पुढं गेली तर ओळख विसरते आणि पुन्हा जोडणी करावी लागते. ती रीत गाडीगणिक वेगळी, पुस्तिकेत दिलेली असते. काही गाड्यांना त्यासाठी यंत्रच जोडावं लागतं. तिथं चाचांचं काम संपतं आणि शोरूमचं सुरू होतं, हे ते स्वतःच सांगतात.

दाजींनी बाहेर येऊन गाडी लांबून उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. खुशीत परत जिन्याखाली आले आणि आणखी एक सेल मागितला, अडीअडचणीला असावा म्हणून.

"ठेवणार कुठं?" चाचांनी विचारलं.

"गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात."

चाचांनी सेल परत पेटीत ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा वजनकाटा हातात घेतला.